हिंगाच्या डबीतली गोळी

आमच्या घरात हिंगाच्या दोन डब्या होत्या. एकीत हिंग असे आणि दुसरीत अक्काची गोळी.

अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी थोरली. ऐन विशीत ती आजारी पडली. आजार मनाचा होता. समोर नसलेली माणसं तिला ऐकू यायची. न्हाणीघराचं दार लावून ती त्यांच्याशी भांडायची. एकदा तर भर दुपारी अनवाणी घराबाहेर पडली ती संध्याकाळी सापडली. मग डॉक्टर झाले, औषधं सुरू झाली आणि आजार बराचसा आटोक्यात आला. पण आमच्या घराला आजाराची जेवढी धास्ती नव्हती, तेवढी गोळी कुणाच्या नजरेला पडेल याची होती.

आमच्यासारखी मराठी घरं बंगळुरात तीन-चारशे वर्षांपासून आहेत. घरं मोजकी आणि सोयरिकी आपसांतल्याच, त्यामुळे एका घरात कुकरची शिट्टी झाली तर दुसऱ्या घराला आत काय शिजतंय ते कळतं. थोरलीला वेड लागलंय हे बाहेर गेलं असतं तर धाकटीचं, म्हणजे माझं, लग्न झालं नसतं. म्हणून आमचे वडील शहराच्या या टोकाहून दोन बस बदलून यशवंतपूरला जायचे आणि तिथल्या दुकानातून औषध आणायचे. यशवंतपुरात आमचं ओळखीचं कुणी नव्हतं. घरी आले की पाकिटातल्या गोळ्या सोडवून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरायच्या आणि पाकीट कात्रीने बारीक कापून वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायचं. विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं होतं, "मोठीच्या अंगात रक्त कमी आहे." माझं लग्न या एका वाक्यावर झालं. नवऱ्याला खरं सांगायला मला वर्ष लागलं. ते ऐकून तो बिचारा एवढंच म्हणाला, "आधी सांगायचं ना, यशवंतपूरला मी गेलो असतो."

आईवडील गेल्यावर अक्का आमच्याकडे जे. पी. नगरला आली आणि तिच्यासोबत डबीही आली. त्याच वर्षी तिच्या डॉक्टरांनी जुनी औषधं बंद करून एक नवी गोळी दिली, रात्री जेवणानंतर एक. त्याला आता अठरा वर्षं झाली. मी यशवंतपूर सोडलं नाही. वडील बसने जायचे, मेट्रो झाल्यावर मी मेट्रोने जाऊ लागले, इतकाच फरक पडला.

आणखी एक गोष्ट मी आईकडून उचलली. सुरुवातीला अक्का गोळी जिभेखाली लपवायची आणि नंतर कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकायची. तेव्हापासून गोळी दिली की आई तिच्यासमोर उभी राहून म्हणायची, "आ कर. जीभ वर कर." आईनंतर मी म्हणू लागले. साठी ओलांडलेली बाई रोज रात्री माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहायची आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

तीस वर्षं मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं हे माझं मुख्य काम. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की मी प्राध्यापकांनाही सोडत नाही. घरी मात्र हिंग लिहिलेल्या डबीत गोळ्या ठेवून मी निवांत झोपायचे.

मग मला कॅन्सर निघाला. स्तनात गाठ, ऑपरेशन, आणि त्यानंतर दर तीन आठवड्यांनी केमो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मनात पहिल्यांदा मरण आलं नाही, केसही आले नाहीत. पहिल्यांदा आलं ते हे, की मी गेले तर अक्काला गोळी कोण देणार? आम्हाला मूल नाही. नवरा पहाटे सहाला कंपनीच्या बसने होसकोटेच्या कारखान्यात जातो आणि स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी आठवड्यातून दोनदा विसरतो. म्हणजे मला जगायलाच हवं होतं. त्यात माझा हट्ट वगैरे काही नव्हता, दुसरं माणूसच नव्हतं.

पहिल्या केमोच्या दिवशी नर्स फॉर्म भरत होती. घरात कुणाला शुगर? बीपी? हृदयाचा आजार? मानसिक आजार? तिचं शेवटचं विचारून व्हायच्या आत माझ्या तोंडून "नाही" निघून गेलं. चाळीस वर्षांचा सराव होता.

केमोचं लाल औषध शिरेतून गेलं. निघताना नर्सने मळमळीच्या गोळ्यांचा कागद दिला आणि लहान मुलाला सांगावं तसं दोनदा समजावलं, "मळमळ यायची वाट बघायची नाही. एकदा आली की तिला मागे ढकलणं कठीण. बरं वाटत असलं तरी घड्याळ बघून गोळी घ्यायची." गोळ्या तीन तऱ्हेच्या होत्या. एक सकाळ-संध्याकाळ, एक नाश्त्यानंतर, आणि तिसरी फक्त चार रात्री, झोपण्यापूर्वी.

टॅक्सीत बसल्यावर मी पुडी उघडली आणि सवयीप्रमाणे प्रत्येक पाकिटाची बारीक अक्षरं वाचली. तिसऱ्या पाकिटाशी थांबले. कंपनी वेगळी, रंग वेगळा, ताकदही कमी. पण खाली औषधाचं जे मूळ नाव छापलेलं होतं ते मला पाठ होतं. ती अक्काची गोळी होती.

मी पुडी बंद केली आणि कपाळ काचेला टेकवलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, उन्हाने."

कागदावर फोन नंबर होता. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण मी विचारलं नाही, आणि का नाही ते आज सरळ सांगते. एक तर मला वाटलं की डॉक्टरांनी मला ओळखलं. फॉर्मवर खोटं लिहिलं तरी चेहऱ्यावर दिसलं असेल. दुसरी भीती जुनी होती. अक्का आजारी पडली तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून होते. स्वयंपाकघरात एकटी असताना तोंडातून शब्द निघाला की दचकून गप्प व्हायचे. हे माझ्यातही येणार, आज नाही तर उद्या, असं मी धरूनच चालले होते. त्या पाकिटाने मला सांगितलं की ते आलं.

त्या रात्री नवऱ्यासमोर बाकीच्या गोळ्या घेतल्या आणि तिसरी मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले. औषध फेकायची आमच्या घरात रीत नाही. आणि त्या गोळीची आमच्याकडे एकच जागा होती. मी हिंगाची डबी उघडली आणि गोळी आत टाकली. पुढच्या तीन रात्रीही तेच केलं. एका डबीत दोन ताकदींच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय! कॉलेजात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

पुढचे पाच दिवस मी बादलीपाशी काढले. सकाळ-संध्याकाळची गोळी थोडा वेळ तग धरायची, मग पोटातून लाट उठायची. तोंडात सतत गंजलेल्या पळीची चव. वास तर वैरी झाले. शेजारची फिल्टर कॉफी, चंदनाचा साबण, नवऱ्याचं डोक्याचं तेल, आणि सगळ्यात वाईट हिंग. फोडणी बंद झाली. नवरा आणि अक्का आठवडाभर दहीभातावर राहिले. मी चुरमुऱ्याचे चार दाणे चावायचे, घोटभर ताक प्यायचे आणि दहा मिनिटांत दोन्ही परत यायचं. फोनवर नातेवाईक आलं, लिंबू, आवळा सुचवायचे. "मन घट्ट कर" म्हणणाऱ्यांना तर बादली नेऊन दाखवावी असं वाटायचं.

"गोळ्या वेळेवर घेतेस ना?" नवरा विचारायचा. त्याने फोनवर तीन अलार्म लावून ठेवले होते.

"घेते," मी म्हणायचे. त्याच्याकडे बघून म्हणायचे. खोटं बोलणं मला अवघड नव्हतं, खोटं बोलतच तर मी या घरात आले होते.

दुसऱ्या खेपेला सुई टोचायच्या आधीच, हॉस्पिटलच्या लिफ्टमधल्या फिनाइलच्या वासाने मला ओकारी झाली. त्यानंतरचे दिवस आठवतच नाहीत, एवढंच आठवतं की रात्रीची गोळी याही वेळी डबीत गेली. चौथ्या दिवशी दिवसभरासाठी दाखल करून सलाइन लावावं लागलं. वजन घटलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळीही असंच राहिलं तर औषध पुढे ढकलावं लागेल किंवा कमी करावं लागेल. ते मला नको आहे. गाठ परत येऊ नये म्हणूनच हे चाललंय." येताना नवऱ्याने टॅक्सीत पूर्ण रस्ताभर माझ्या हनुवटीखाली पिशवी धरली. माझ्या मनात तेव्हाच ठरलं की तिसऱ्या खेपेला जायचं नाही. ओकून ओकून मरण्यापेक्षा जे होईल ते होवो. अक्काचा विचार आला आणि त्यालाही मी उत्तर दिलं नाही. इतकी मी थकले होते.

त्याच आठवड्यात एका रात्री मला अंथरुणातून उठवेना. मी अक्काला म्हटलं, "डबी इथे आण आणि माझ्यासमोर घे." एरवी मीच तिच्यासाठी मोठी गोळी वेचून काढायचे. ती डबी घेऊन आली, झाकण काढलं, आत बोट फिरवत राहिली.

"पुट्टी," ती म्हणाली. कन्नडात लहानगीला असं म्हणतात. चौपन्नाव्या वर्षीही मी तिची पुट्टीच आहे. "पुट्टी, ह्यात दोन जातीच्या आहेत की. बारकी माझी नव्हे."

मी भिंतीकडे तोंड केलं.

तिने बारक्या गोळ्या तळहातावर काढल्या. "आठ," ती म्हणाली. मग उशाशी पडलेलं माझं रिकामं पाकीट उचलून त्यावरचं नाव वाचलं. गोळ्या परत डबीत टाकल्या, आपली घेतली आणि डबीचं झाकण लावलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "मी पण असंच करायची. जिभेखाली ठेवायची. आठवतंय?"

तिसऱ्या खेपेच्या दिवशी अक्का नेसून तयार होऊन सोफ्यावर बसली होती. ती वर्षातून एकदा तिच्या डॉक्टरांकडे जाते, एरवी कोपऱ्यावरच्या गणपतीपलीकडे जात नाही. "मी पण येते," म्हणाली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येऊ दे. मला कसली चिंता नव्हती. डॉक्टरांना कन्नडात "साकु", म्हणजे पुरे झालं, एवढं सांगून मी परत येणार होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि कन्नडात विचारलं, "उलट्या कशा आहेत?"

"स्वल्प," मी म्हटलं. बघा सवय. सहा किलो वजन गेलेली बाई डॉक्टरांसमोर बसून म्हणते, थोड्याशा. नवरा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"रात्रीची गोळी धरून सगळ्या गोळ्या घेतल्या?"

"हो हो," नवरा म्हणाला. "मी अलार्म लावतो."

तेव्हा अक्काने पिशवीतून हिंगाची डबी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. झाकण काढल्याबरोबर, इतक्या वर्षांतही न गेलेला हिंगाचा वास खोलीभर पसरला आणि मी नाकाला पदर लावला.

"ती घेत नाही," अक्का म्हणाली. कन्नडात, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "ही माझी गोळी आहे. मला डोक्याचा आजार आहे, पुष्कळ वर्षांपासून. तिला वाटतं ही घेतली तर ती माझ्यासारखी होणार."

आमच्या घरातल्या कुणी परक्या माणसासमोर हे वाक्य म्हणण्याची ती पहिलीच वेळ. आणि मी काय केलं असेल? मी आधी वळून बघितलं, खोलीचं दार बंद आहे ना ते. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

डॉक्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी डबीतल्या दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या बघितल्या. मग म्हणाल्या, "औषध तेच आहे. ओकारीची खबर मेंदूत जिथे पोहोचते तिथेही ते शांत करतं, म्हणून केमोच्या लोकांना देतो. थोडं, चार रात्री. त्याने कुणाला आजार होत नाही, आणि दिलं म्हणजे आजार आहे असंही नाही. तुम्ही विचारायला हवं होतं. आणि मी आधी सांगायला हवं होतं, ही माझीही चूक." मग त्यांनी माझा फॉर्म काढून पहिल्या दिवशीचं "नाही" खोडलं. माझ्यासमोर खोडलं. गोळ्या पुन्हा कधी एकत्र ठेवायच्या नाहीत हेही बजावलं, तीस वर्षं चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईला.

"तुम्हाला या गोळीने झोप फार येते का?" त्यांनी सहज अक्काला विचारलं.

"सकाळी डोकं उचलत नाही, डॉक्टर," अक्का म्हणाली. "पण ही सातला उठवते."

नवऱ्याने लावलेल्या तीन अलार्मांचं मी काय केलं होतं ते त्याला कळलं होतं. बाहेर आल्यावर तो फक्त म्हणाला, "मला तरी सांगायचं." या वेळी त्यात थट्टा नव्हती. मी त्याचा हात धरला आणि माफी मागितली. तो कन्नडात "सरी" म्हणाला, म्हणजे बरं, "चल आता," आणि आम्ही केमोच्या हॉलकडे गेलो.

त्या रात्री आठ वाजता मी गोळी हातात घेऊन पलंगावर बसले. इतकीशी गोळी, पण घशाखाली जाईना. अठरा वर्षं मी ती दुसऱ्याच्या तळहातावर ठेवत आले होते. शेवटी डोळे मिटून पाण्याबरोबर गिळली. डोळे उघडले तर समोर अक्का.

"आ कर," ती म्हणाली. "जीभ वर कर."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. मी काय लहान आहे? मी काय वेडी आहे? हे मनात आलं आणि लगेच कळलं की हाच प्रश्न तिने कधी मला विचारला नव्हता. मी तोंड उघडलं आणि जीभ वर केली. तिने वाकून नीट बघितलं, दोन्ही गालांत, आणि म्हणाली, "शहाणी."

सकाळी जाग आली तेव्हा साडेनऊ झाले होते. डोकं उशीवरून उठेना. हात-पाय होते, पण माझं ऐकत नव्हते. आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखे येत होते. नवरा कधीच गेला होता. स्वयंपाकघरात अक्का दूध तापवत होती. भिंतीला धरत मी तिथवर पोहोचले. मळमळ अगदी गेली नव्हती, घशाशी होती, पण लाट नव्हती. अक्काने अर्धी इडली पुढे केली. ती खाल्ली आणि ती राहिली. केमोनंतरच्या सकाळी पहिल्यांदाच पोटात गेलेलं पोटात राहिलं. याचा आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागले.

कारण मला त्या सगळ्या सातच्या वेळा आठवत होत्या. अठरा वर्षं. पांघरूण ओढायचं, पंखा बंद करायचा, एकदा तर तोंडावर पाणी मारलं होतं. "लोळायला काय राजवाडा आहे का?" मी म्हणायचे. पाहुण्यांसमोर हसून सांगायचे की आमची अक्का झोपेची भारी शौकीन. माझी गोळी तर तिच्या निम्म्या ताकदीची होती.

"अक्का, तुला रोज असं होतं?"

"असं म्हणजे?"

"डोकं उचलत नाही, असं."

"हां," ती दूध उतरवत म्हणाली. "रोज."

"कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस की."

दुपारी जरा उभं राहता आलं तेव्हा मी दोन काचेच्या बाटल्या धुऊन पुसून घेतल्या. एकीत तिची पाकिटं ठेवली, दुसरीत माझी. डबीतल्या जुन्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत द्यायला बाजूला काढल्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, औषधाचं नाव, ताकद, वेळ, कुणाचं, सगळं माझ्या कॉलेजच्या अक्षरात. आणि त्या दोन्ही मी बाहेरच्या खोलीत फडताळावर ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. दुसऱ्याच दिवशी नात्यातली एक काकू तब्येत बघायला आली आणि तिने चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. एव्हाना चार घरी ते कळलंही असेल.

पुढचे दिवस सोपे गेले असं नाही. हिंगाचा वास अजूनही सोसत नाही, आणि अजून केमो बाकी आहेत. मी पुन्हा जाणार आहे, एवढं ठरलंय.

चौथ्या रात्री मी माझी शेवटची गोळी घेतली. अक्काने तोंड तपासलं. मी म्हटलं, "उद्या मला नाही. या खेपेच्या संपल्या. पुढच्या वेळी परत चार."

"चारच?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"बरं आहे की तुझं," ती म्हणाली. हसून म्हणाली, मनापासून, त्यात हेवा नव्हता. मग तिने फडताळावरच्या बाटलीतून आपली गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि कुणी न सांगता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं, जीभ वर केली आणि मी बघेपर्यंत वाट बघत राहिली.

मला बघवलं नाही. मी तिच्या हनुवटीला हात लावून तोंड मिटवलं.

"जा अक्का, झोप," मी म्हटलं. "सकाळी हाक मारणार नाही."